साठावा फॉर्म

"नाव सांग की," मी म्हटलं.

रखमानं पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली. पन्नाशीची बाई. पिठाच्या गिरणीत दिवसभर चाळीस-चाळीस किलोची पोती उचलायची, गिऱ्हाइकानं आगाऊपणा केला तर त्याला डब्यासकट बाहेर काढायची. आणि आता माझ्यासमोर नव्या नवरीसारखी लाजत बसली होती.

"फॉर्मवर लागतं गं. प्रश्न तिसरा, पतीचे नाव."

"मला ठावं हाय. पर मी कसं घेऊ? आपण नाव घेतलं की त्यांचं आयुष्य कमी हुतंय."

"एकोणीस वर्षांमागं तुला टाकून गेला ना तो?"

"गेला म्हून काय झालं? आपल्या तोंडानं कशाला वंगाळ करायचं?"

मला चीड आली. पण रखमा गप्प बसणारी नव्हती. तिनं भिंतीपलीकडे हाक मारली, "पारू, अगं ह्यांचं नाव सांग गं जरा हिला." पलीकडून भांडी घासता घासता कुणीतरी म्हणालं, "मारुती." मी लिहिलं, मारुती. रखमानं सुस्कारा सोडला, पदर खाली घेतला आणि माझ्याकडे रोखून बघितलं.

"आन् तुझ्या मालकाचं नाव काय गं, शालन?"

"काटकर."

"आडनाव न्हवं. नाव."

मी पिशवीत पेन शोधायला लागले. पेन माझ्या हातातच होतं. रखमा पोट धरून हसली, तिच्या भुवयांवरचं पीठ माझ्या कागदांवर पडलं.

ही गोष्ट पंच्याण्णव सालातली. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात मी ग्रंथालयात परिचर होते. पुस्तकं काढून द्यायची, परत लावायची, पानांवर रेघोट्या मारणाऱ्या पोरांना झापायचं. वय बत्तीस. लग्नानंतर चार वर्षांनी नवऱ्याची शिक्षक म्हणून तिकडे दूर बदली झाली. "खोली मिळाली की नेतो" म्हणाला. पहिल्या वर्षी खोली मिळाली नाही, दुसऱ्या वर्षी त्याला दुसरी बायको मिळाली. तो गेला त्याला आता अकरा वर्षं झाली होती. काडीमोड नाही, कोर्ट नाही, काही नाही. वाण्याकडे गहाण ठेवून विसरलेल्या तांब्यासारखी मी माहेरी पडून होते. बी.ए. बाहेरून केलं आणि आमच्याच कॉलेजात समाजशास्त्र घेऊन एम.ए.ला बसले. एम.ए.ला पंचावन्न टक्के पडले तर ज्युनिअर कॉलेजात शिकवायची जागा मिळणार होती. ती जागा रिकामी होती, आणि कॉलेजात सगळ्यांना माहीत होतं की ती काटकरबाईंसाठी रिकामी आहे.

आमचे इनामदार सर भला माणूस. त्यांनीच मला फी भरायच्या वेळी धीर दिला, त्यांनीच लघुप्रबंधाचा विषय दिला, 'तालुक्यातील परित्यक्ता स्त्रिया: एक समाजशास्त्रीय अभ्यास.' साठ बाया गाठायच्या, प्रत्येकीकडून बेचाळीस प्रश्नांचा फॉर्म भरून घ्यायचा. प्रश्नावली सरांनी स्वतः केली होती आणि टाईप करून आणली होती.

सतरावा प्रश्न असा होता: पतीने सोडण्याचे कारण. योग्य तिथे खूण करा. अपत्य नसणे. स्वभाव. रूप किंवा रंग. आजारपण. हुंडा न देणे. इतर.

पहिल्या वीस फॉर्मपर्यंत मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी वाचून दाखवायची, बाया सांगायच्या. "माझं त्वांड फाटकं, मी उलटून बोलायची." खूण. "मला पोर झालं न्हाई." खूण. "माझ्या अंगावर कोड उठलं." खूण. रखमा म्हणाली, "माझी उंची जास्त. त्यास्नी माझ्याबरूबर चालायला कमीपणा वाटायचा." उंची कुठल्या चौकोनात बसवायची हे मला समजेना, म्हणून मी 'रूप' वर खूण केली. एकविसाव्या फॉर्मला हात थांबला. सगळे चौकोन बाईचेच. बाईचं पोट, बाईचा रंग, बाईची जीभ, बाईच्या बापाचा खिसा. सोडलं त्यानं, आणि कारण मात्र सगळं आमच्यात भरलेलं.

मी फॉर्म घेऊन सरांकडे गेले.

"सर, यात नवरा कुठंय?"

"म्हणजे?"

"टाकलं कुणी? त्याला एकही प्रश्न नाही."

सरांनी चष्मा काढून पुसला. अडचण आली की ते तसंच करायचे. "काटकरबाई, आपला विषय परित्यक्ता आहे. त्या स्त्रियांच्या समस्या."

"सर, तुम्हीच मागच्या वर्षी वर्गात म्हणालात, गरिबीचा अभ्यास करायचा तर नुसतं गरिबाच्या झोपडीत बसून भागत नाही. समस्या माणसात नसते, माणसामाणसांतल्या व्यवहारात असते. मी वहीत लिहून घेतलंय."

"बरोबर आहे. पण मर्यादा असते. एका लघुप्रबंधात किती मावणार?" मग आवाज हळू करून म्हणाले, "आणि खरं सांगू का, तुम्हाला इतरांपेक्षा जास्त जपायला हवं. संशोधकानं तटस्थ राहायचं असतं. तुमचं स्वतःचं… म्हणजे तुम्ही समजताय ना. लोक म्हणतील, बाईनं सूड काढला."

मी 'हो सर' म्हणाले आणि बाहेर आले. हो म्हटलं, पण ऐकलं नाही. माझी आई म्हणायची, शालीला उत्तरेला जा म्हणावं, म्हणजे ती दक्षिणेला तरी नीट पोचेल.

त्या आठवड्यात मी दुसरा फॉर्म तयार केला. नवऱ्यांसाठी, नऊच प्रश्न. बायकोला शेवटचं कधी भेटलात, जाताना काय सांगितलंत, घरात कुणी अडवलं का, त्यानंतर कुणी जाब विचारला का. आणि शेवटचा, का सोडलंत? त्याला चौकोन ठेवले नाहीत. चार ओळी कोऱ्या ठेवल्या.

पण नवऱ्यांना गाठायचं तर नावं हवीत, आणि नावं तर कुणी सांगेना. शेजारणीला सगळ्यांचे नवरे माहीत असायचे असं नाही. कितीतरी बाया लांबून माहेरी आलेल्या. गावाचं नाव सांगायच्या, कामधंदा सांगायच्या, आणि नावापाशी येऊन पदर तोंडाला लावायच्या.

तेव्हा संक्रांत जवळ आली होती. आम्हा बायांना संक्रांतीचं हळदीकुंकू कुणाकडे नसायचं. सवाष्ण की विधवा याचा निकालच लागलेला नाही, तर बोलावणार कशाला. मी ठरवलं, आपणच करायचं. रखमाच्या गिरणीमागच्या पडवीत. तिच्या मालकिणीनं एक दुपार पडवी दिली. फॉर्मवरच्या बायांना निरोप धाडले. दहा-बारा येतील असं वाटलं होतं, चौतीस आल्या. काही जणी तर मैलोन्मैल चालत आल्या होत्या, कारण गेली कितीतरी वर्षं त्यांच्या कपाळाला दुसऱ्या बाईचं बोट लागलं नव्हतं. एक म्हातारी हळद लावून घेताना रडायला लागली आणि तिला बघून निम्म्या रडायला लागल्या. मीही रडले. त्यात लपवायचं काय.

मग मी तिळगूळ वाटला आणि म्हटलं, "हळदीकुंकू झालं. आता रीतीप्रमाणे उखाणे होऊ देत. प्रत्येकीनं नाव घ्यायचं."

सगळ्यांचे पदर तोंडाकडे गेले. बाईनं नवऱ्याचं नाव घ्यावं अशी जगात एकच जागा, आणि तिथं नाही म्हणायची सोय नाही. रखमानं माझ्या मांडीवरच्या वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तिच्या सगळं ध्यानात आलं.

"लई बेरकी हायेस गं तू," ती म्हणाली, आणि उभी राहिली. कमरेवर हात ठेवला.

"जात्यावर दळण दळते, पीठ पडतंय भुरूभुरू,
मारुतराव गेले सोडून, माझा संसार हाय सुरू."

आधी कुणाला कळेना, हसायचं की नाही. मग मागून एक बारीक हसू आलं, आणि पडवीचा बांधच फुटला. दुसरी उठली, कोड आलेली बायजा. एरवी माणसांत तोंड वर करायची नाही.

"आंब्याच्या झाडाला मोहर आला दाट,
सोपानरावांनी धरली दुसरीच वाट."

पुढचे दोन तास मी मान वर केली नाही. एकीला उखाणा सुचेना, तर बाकीच्या मिळून तिला जुळवून द्यायच्या. उन्हं कलायच्या आत माझ्या वहीत चौतीस नावं आली. नंतर घरोघर जाऊन आणखी सात मिळाली. या एकेचाळीसांपैकी बावीस पुरुष मी पुढच्या दोन महिन्यांत शोधून काढले. चौघांनी दारातूनच हाकललं, एकानं कुत्रं सोडलं ते त्या चौघांतच. अठरा जण बोलले.

मारुती फलटणला एका वखारीत हमाल होता. मी म्हटलं, कॉलेजातून आलेय, अभ्यास चाललाय. त्यानं मला चहा पाजला. नऊही प्रश्नांची उत्तरं सरळ दिली. शेवटच्या प्रश्नावर बराच वेळ डोकं खाजवलं.

"का सोडली म्हंजे… तसं कारण काय न्हवतं. हिकडं कामाला आलो. हितंच ऱ्हायलो."

"तिची उंची?"

"उंचीचं काय? उंच बाई बरी असती की. फळीवरचं काढाया बरं." मग मलाच विचारलं, "ह्ये आजवर कुणी इचारलंच न्हाई बघा. तुमीच पहिल्या."

मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि एस.टी.त बसून एकोणीस वर्षं वाकून चालणाऱ्या रखमाचा विचार करत राहिले. ती खरंच पोक काढून चालायची. मला वाटायचं, पोत्यांमुळं.

राहिला होता एक माणूस. त्याच्या गावी मी शनिवारी गेले, शाळा सकाळची होती. शिक्षकांच्या खोलीत एकटाच वह्या तपासत बसला होता. केस पातळ झाले होते, बाहीला खडू लागला होता. मला बघून उभा राहिला आणि दार लोटून घेतलं.

"इथं कशाला आलीस? घरी कळलं तर…"

"कॉलेजातून आलेय. एक फॉर्म भरायचाय."

"बस तरी."

"उभ्यानं लिहिते. उत्तरदात्याचं नाव?"

"तुला माहीत नाही होय?"

"तुम्ही सांगायचं असतं."

त्यानं सांगितलं. मी लिहिलं. अक्षर नीट आलं. एकेक प्रश्न घेत गेले. घरात कुणी अडवलं का? नाही. पुढं कुणी जाब विचारला? नाही. तुझे बाबा एकदा आले होते, पण ते चहा पिऊन गेले. मग नववा प्रश्न वाचला. तो खिडकीकडे बघत होता.

"काय सांगू? कारण असं काही नव्हतं."

"माझा रंग?"

"रंग? छे. रंगाचं कुठं काय होतं. इकडे राहिलो, सवय झाली. बाकी तुझ्यात खोट काही नव्हती."

अकरा वर्षं मी रोज रात्री तोंडाला साय आणि हळद चोळत होते. नवरा परत येईल म्हणून नव्हे, निदान कारण तरी कमी व्हावं म्हणून. त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला की मी पेन टेबलावर ठेवलं, नाहीतर ते मी त्याच्या हातात खुपसलं असतं. मग पुन्हा उचललं आणि चार कोऱ्या ओळींत लिहिलं, कारण असे काही नव्हते.

"सही करा."

"हे कुठं छापणार आहेस? माझी नोकरी जाईल. मी तुझ्या प्राचार्यांना भेटेन."

"भेटा. सही आधी करा. शिक्षक आहात, पोरांना शिकवता, आपण सांगितलं त्याखाली सही करायची."

त्यानं सही केली, आणि सोमवारी जाऊन प्राचार्यांना भेटलाही. मंगळवारी इनामदार सर ग्रंथालयात आले, माझ्या टेबलासमोर उभे राहिले आणि चष्मा पुसायला लागले.

"चौथं प्रकरण काढा, काटकरबाई. नवऱ्यांचं. बाकीचं उत्तम आहे. मी शपथेवर सांगतो, प्रथम श्रेणीचं काम आहे."

"चौथं काढलं तर काय राहतं, सर? साठ बाया आणि त्यांच्यातल्या खोटी."

"जागा तुमची आहे. हातचं घालवू नका."

ते खरंच माझ्या काळजीनं बोलत होते. म्हणून तर जास्त जड गेलं. मी म्हटलं, "सर, तुम्ही सही नाही केलीत तरी मला राग येणार नाही. पण प्रकरण राहील." दोन दिवस त्यांनी प्रबंध घरी ठेवला. तिसऱ्या दिवशी सही करून माझ्या टेबलावर आणून ठेवला. एवढंच म्हणाले होते की सगळ्यांच्या नावाऐवजी क्रमांक घाला, शास्त्राचा नियम आहे. ते मी ऐकलं.

तोंडी परीक्षेला विद्यापीठातून डॉ. सबनीस आले होते. एका बाजूला आमचे प्राचार्य, दुसऱ्या बाजूला इनामदार सर. सबनीसांनी पानं उलटली.

"एकोणीस पुरुषांपैकी तेरा जण म्हणतात, कारण नव्हतं. यावर तुमचा निष्कर्ष काय?"

"सोडता येत होतं म्हणून सोडलं, सर. विचारणारं कुणी नव्हतं."

"हा निष्कर्ष नाही, ही चीड झाली. बरं, मला एक सांगा. स्त्रियांचा साठावा फॉर्म. उत्तरदात्री बत्तीस वर्षांची, ग्रंथालयात नोकरी. सोडण्याचं कारण, रंग. ही कोण?"

खोलीत पंखा फिरत होता. इनामदार सरांनी चष्मा काढला. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. एकोणसाठच बाया मिळाल्या होत्या, आणि साठावी शोधायला मला लांब जावं लागलं नव्हतं.

"मी, सर. खूण मीच केली. मलाही तेव्हा तेच खरं वाटत होतं."

"आणि पुरुषांमधला क्रमांक एकोणीस? शाळाशिक्षक?"

"विलास दत्तात्रय काटकर. माझा नवरा. त्यानं मला टाकलंय."

एवढंच. उखाणा नाही, अडखळणं नाही. चौदा-पंधरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडून ते नाव निघालं, आणि पंखा जसा फिरत होता तसाच फिरत राहिला.

"म्हणजे संशोधकच उत्तरदाता," सबनीस म्हणाले. "मग तटस्थता कुठं राहिली? हे प्रकरण काढून पुन्हा सादर करा. मी प्रथम श्रेणीची शिफारस करतो."

"सर, लहान तोंडी मोठा घास घेते. ही प्रश्नावली केली तेही कुणाचे तरी नवरे. तुम्ही तिघंही कुणाचे तरी नवरेच आहात. नवरा असून तुम्ही तटस्थ, आणि बायको आहे म्हणून मी नाही, हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय? मी ग्रंथालयात आहे, सांगा, आणून देते."

प्राचार्य म्हणाले, "जा तुम्ही."

शंभरातले चाळीस दिले. म्हणजे नापास केलं नाही, तेवढं मात्र इनामदार सर भांडले होते असं मला मागाहून कळलं. एकूण टक्के चोपन्न झाले. ज्युनिअर कॉलेजच्या जागेवर जूनमध्ये दुसरंच कुणी आलं, चांगली मुलगी होती बिचारी. मी त्याच टेबलावर राहिले, पुढं सव्वीस वर्षं. पण एक झालं. प्रत्येक लघुप्रबंधाची एक प्रत ग्रंथालयात ठेवायचा नियम होता, आणि ठेवणारी मीच होते. मी तो चौथ्या प्रकरणासकट ठेवला, दारातून आत येताच दिसेल अशा कप्प्यात. दर वर्षी कुणीतरी पोरगी तो घेऊन जायची.

निकालानंतर पंधरा दिवसांनी रखमा ग्रंथालयात आली. जन्मात पहिल्यांदा. पायातल्या चपला दाराबाहेर काढून आली. मी तिला मारुतीनं काय सांगितलं ते आधीच जाऊन सांगितलं होतं. तेव्हा ती भिंतीला टेकून सरळ उभी राहिली होती.

"माझं कुठं हाय त्यात?"

मी पान काढून दाखवलं. "हे बघ. उत्तरदात्री क्रमांक तीन."

"माझं नाव?"

"नाव नसतं, नंबर असतो. नियम आहे. तुला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून."

"एकोणीस वर्सं ठिवलीच की. आता अजून काय ठिवणार?" तिनं त्या आकड्यावर बोट ठेवलं. "तीन म्हंजे कोण? मी गिरणीतलं पोतं हाय व्हय? लिही हितं. रखमा."

टेबलापलीकडे दोन पोरं पुस्तकं घेऊन उभी होती. त्यातल्या एकाला मी कालच पुस्तकात पेन्सिलनं खूण केली म्हणून फैलावर घेतलं होतं. मी शाईचं पेन उघडलं आणि छापील तीनच्या पुढं लिहिलं, रखमा.

"आन् त्येच्या म्होरं त्येचं."

मी वर बघितलं. ती पदराला हातही न लावता उभी होती, चांगली सहा फुटाच्या घरातली बाई.

"मारुती तुकाराम शेंडगे," ती म्हणाली. जरा थांबली, जसं काही ऐकू येतंय का बघावं. मग म्हणाली, "लिव्हलंस? आता बघू, काय हुतंय त्येला."

त्याला काही झालं नाही. अजून वखारीसमोर बसलेला असतो म्हणे. पण त्या वर्षभरात एकेक करून सव्वीस बाया माझ्या टेबलाशी आल्या आणि आपलं पान काढायला लावून, आपल्या तोंडानं दोन-दोन नावं सांगून गेल्या. साठाव्या फॉर्मच्या पानावर मी माझं माझंच लिहिलं, शालन आणि विलास. सतराव्या प्रश्नावरची माझी खूणही त्याच शाईनं खोडली.

गेल्या साली मी निवृत्त झाले. ती प्रत अजून तिथंच आहे. ग्रंथालयाचं पुस्तक खराब केल्याबद्दल कुणाला काही जाब विचारायचा असेल, तर माझा पत्ता कार्यालयात आहे.